मळणी यंत्रास पेंढ्या पुरविणारे जोडयंत्र

गव्हाच्या पेंढ्या खळ्यावर येऊन पडल्या म्हणजे शेतकऱ्याचे एक लक्ष आभाळाकडे आणि दुसरे मळणी यंत्राच्या पाळीकडे असते. यंत्र बहुधा भाड्याचे. ते एका खळ्यावर फार वेळ थांबत नाही. अशा घाईत इंजिन, पट्टे, पंखा आणि चाळण्या यांची विचारपूस होते. परंतु यंत्राच्या तोंडाशी उभा राहून पेंढी आत सारणारा मनुष्य आणि त्याच्या पुढ्यातील पन्हळ यांकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक दाणा स्वच्छ निघणे आणि त्या मनुष्याचे हात शाबूत राहणे, या दोन्ही गोष्टी त्या दोन हात लांबीच्या जागेवर ठरत असतात. यंत्रास घास देण्याच्या या कामासाठी कोणकोणती साधने निघाली, ती कशी चालतात आणि आपल्या खळ्यावर त्यांतील काय घेण्यासारखे आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

प्रथम यंत्राच्या आत काय घडते ते पाहू. ढोलावर, म्हणजे खेड्यात ज्यास सर्रास ड्रम म्हणतात त्यावर, लोखंडी दाते बसविलेले असतात. त्याला लागून अर्धगोल जाळी असते. पेंढी या दोहोंमधील फटीत सापडली की दात्यांच्या आघाताने ओंबीतून दाणा सुटतो व जाळीतून खाली पडतो. ढोलाचा व्यास ६० सेंटिमीटर असून तो मिनिटास ७०० फेरे घेत आहे असे धरा. त्याचा परीघ सुमारे १.८८ मीटर होतो. म्हणजे दात्याचे टोक एका सेकंदात सुमारे २२ मीटर धावते. धोका ध्यानी येऊन हात मागे घेण्यास मनुष्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या अवधीत दाता चार मीटरांहून अधिक पुढे गेलेला असतो. “मी सावध असतो, मला काही होत नाही” असे म्हणणाऱ्या गड्यास हा हिशेब खळ्यावरच करून दाखवावा. सावधपणा चांगलाच, पण या शर्यतीत तो जिंकू शकत नाही.

आता दुसरी बाजू. ढोल, पंखा आणि चाळण्या एकाच इंजिनावर चालतात. दोनतीन पेंढ्या एकदम कोंबल्या की ढोलावर भार पडतो, पट्टा घसरतो आणि फेरे कमी होतात. ढोल मंदावल्यामुळे ओंब्यांत दाणे राहून जातात. त्याबरोबर पंखाही मंदावल्यामुळे दाण्यात भुसा राहतो. पुढे घास संपून ढोल रिकामा धावू लागला की तोच वेग दाणा फोडतो आणि पंख्याचा जोर हलका दाणा भुशाबरोबर उडवून नेतो. शेतकरी मग यंत्राला नावे ठेवतो व मिस्त्री चाळण्या बदलून पाहतो. दोष मात्र चाळणीचा नसून घासाचा असतो. पातळ, सारखा आणि अखंड घास हाच उत्तम घास होय. हातांनी असा घास तासन्‌तास देत राहणे कष्टाचे असते. म्हणूनच हे काम यंत्राकडे सोपविण्याची कल्पना पुढे आली.

ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील अँड्र्यू मीकल याने १७८६ च्या सुमारास ढोलाचे मळणी यंत्र सिद्ध केले, तेव्हा पेंढी आत ओढून घेण्यास त्याने दोन रूळ बसविले होते. पुढे वाफेच्या इंजिनावर चालणारी मोठी यंत्रे आली. इंग्लंडमधील यंत्रांत ढोलाचे तोंड यंत्राच्या माथ्यावर असे. एकजण माथ्यावर उभा राहून पेंढीचा बंध सुरीने कापी आणि दुसरा मोकळी झालेली पेंढी ढोलात सोडी. पाय घसरला की माणूस थेट त्या तोंडात जाई. अखेर १८७८ साली तेथील पार्लमेंटास खास कायदा करून ढोल व त्याचे तोंड यांस बंदिस्त संरक्षण असलेच पाहिजे, असा दंडक घालावा लागला.

अमेरिकेत १८३७ साली पिट्स बंधूंनी मळणी व उफणणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे यंत्रे मोठी होत गेली, आणि ढोलाचे पोट भरणाऱ्या माणसाचे हात यंत्राच्या भुकेला पुरेनासे झाले. बंध कापणाऱ्याची सुरी शेजाऱ्याच्या बोटांना लागण्याचे भय होते ते निराळेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पेंढ्या आपोआप पुरविणारे जोडयंत्र रुळले. त्याआधी कापणी करून सुतळीने पेंढी बांधणारी यंत्रे प्रचारात आली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पेंढ्या एकाच मापाच्या व एकाच जागी बांधलेल्या असतील, तरच त्या यंत्राकरवी सुरळीत पुरविता येतात. आपल्याकडे एक पेंढी मनगटाएवढी आणि दुसरी कवेत न मावणारी, अशी स्थिती पुष्कळदा असते. ती सुधारण्यास पैसा लागत नाही.

या जोडयंत्राची रचना समजून घेणे उपयुक्त आहे, कारण चांगला गडी जे चार प्रकारे करतो तेच त्याने चार भागांत वाटून दिले आहे. पहिला भाग म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेला, साखळीवर सरकणारा पट्टा. गडी दूर उभा राहून त्यावर पेंढ्या ओंब्या पुढे करून एकापाठोपाठ टाकतो. दोन्ही बाजूंनी टाकलेल्या पेंढ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून मध्ये उभी फळी असते. दुसरा भाग सुऱ्यांचा. ढोलाच्या अलीकडे दांड्यावर बसविलेल्या सुऱ्या वरून येऊन बंध कापतात. तिसरा भाग वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु सारी खुबी त्यातच आहे. बंध सुटलेली पेंढी तशीच पुढे गेली तर ती गोळ्यानेच ढोलात पडेल. म्हणून खालच्या अंगास रोधक बोटे असतात. ती पेंढीचा खालचा थर क्षणभर थोपवून धरतात. वरचा थर आधी आत जातो, मग त्याखालचा. पेंढी अशी थराथराने सोलली जाते. चवथा भाग वेग ओळखणारा नियंत्रक, म्हणजे गव्हर्नर. ढोलाचे फेरे ठरावीक मर्यादेखाली आले की तो पट्ट्याची गती तोडतो. ढोलाने पोटातील घास पचवून पुन्हा वेग घेतला म्हणजे पट्टा आपोआप चालू होतो. मनुष्य घाईत असला की नेमके याच्या उलट करतो: यंत्र गुरगुरू लागले की आणखी जोराने कोंबतो.

आपल्याकडील बहुतेक मळणी यंत्रे याहून लहान आहेत आणि त्यांना सरकता पट्टा नसतो. त्यांच्यासाठी साधे व स्वस्त साधन म्हणजे सुरक्षित भरणी-पन्हळ. मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसंबंधी भारतीय मानक क्रमांक ९०२० आहे. पन्हळीची लांबी किमान ९० सेंटिमीटर असावी आणि तिचा ढोलाकडील किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे माप प्रचारात आहे. जुन्या मोजणीने सांगावयाचे तर पन्हळ दोन हात लांब आणि त्यांपैकी एक हात झाकलेली. केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात मळणी यंत्राचा समावेश होता, आणि यंत्र चालविताना मजुराचा मृत्यू झाल्यास किंवा त्यास इजा झाल्यास भरपाई देण्याची तरतूदही होती. तुटलेल्या पंजाची भरपाई म्हणजे काय, हे ज्याने असा गडी पाहिला आहे त्यास सांगावयास नको.

या मापाचे कारण प्रत्येकास स्वतःच्या शरीरावर ताडून पाहता येते. यंत्र बंद करून पट्टा उतरवावा आणि ढोल पूर्ण थांबला आहे याची खात्री करावी. मग पन्हळीच्या बाहेरच्या कडेस ताठ उभे राहून हात पुढे लांबवावा. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर बहुधा ८० सेंटिमीटरांच्या आतच भरते. म्हणून बोटे ढोलापर्यंत पोहोचत नाहीत. झाकणामुळे वरून किंवा बाजूने हात पडत नाही आणि तोल गेला तरी अंग ढोलावर जात नाही. मात्र कोणी पन्हळीच्या उघड्या भागावर ओणवा होऊन हात झाकणाखाली घातला, तर हे मापही त्याला वाचवू शकणार नाही. अडकलेली पेंढी काढण्याच्या भरात हीच चूक होते. घास अडकला तर प्रथम इंजिन थांबवावे, ढोल थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच हात लावावा. इंजिन बंद केल्यावरही ढोल काही वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतो, हे विसरू नये.

कित्येक ठिकाणी यंत्रमालक ही पन्हळ कापून आखूड करतात किंवा झाकण काढून ठेवतात. “लांब पन्हळीने काम कमी होते” असे ते सांगतात. ही तक्रार केवळ हटवादीपणाची म्हणून टाकून देऊ नये, कारण ती अर्धी खरी आहे. आखूड पन्हळीत गडी हाताने रेटून तासाला अधिक पेंढ्या कोंबू शकतो. परंतु आत गेलेल्या पेंढ्या म्हणजे हाती आलेला दाणा नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाद घालण्यापेक्षा प्रयोग करून दाखवावा. एकाच शेतातील, सारख्या मापाच्या पन्नास पेंढ्यांचे दोन वाटे करावेत. एक वाटा नेहमीच्या घाईने गोळ्यागोळ्याने आणि दुसरा पूर्ण पन्हळीतून सारख्या घासाने मळावा. दोन्ही वेळा घड्याळ लावावे. यंत्र थांबल्यावर दोन्ही भुशांतून एकेक पाटी भुसा घेऊन सुपात पाखडावा आणि राहिलेले दाणे शेतकऱ्याने स्वतः मोजावेत. सुपातील दाणे व्याख्यानापेक्षा अधिक बोलतात.

पन्हळीतून घास देण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. पेंढी आधी पुरती वाळलेली असावी. ओलसर काड ढोलाला गुंडाळते. बंध पन्हळीत ठेवण्यापूर्वीच सोडावा किंवा कापावा. पेंढी ओंब्या पुढे करून पन्हळीत पसरावी आणि तिचा शेवट झाकणाशी पोहोचला की दुसरी तिच्यामागे लावावी. मागची पेंढी पुढचीला ढकलते. हाताने, मुठीने किंवा काठीने रेटण्याचे कारण पडत नाही. पन्हळीची कड गड्याच्या कोपराच्या उंचीस यावी. ठेंगण्या माणसासाठी पक्की फळी किंवा ओटा करावा. पेंढ्यांच्या घसरत्या ढिगावर कोणासही उभे करू नये. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, सैल बाही, हातातील कडे वा बांगड्या यांना या जागी थारा नाही. दर तासा-दीड तासाने गडी बदलावा. पेंगुळलेल्या मनुष्यास रात्री पाळीवर उभे करणे तर उघड अन्याय आहे. लहान मुलांना पेंढ्या देण्याच्या कामालासुद्धा यंत्राजवळ ठेवू नये.

ज्या यंत्रात कडबा तोडण्याच्या यंत्राप्रमाणे पेंढी ओढून घेणारे रूळ असतात, त्यात अधिक जपावे. मीकलच्या रुळांचीच ही दूरची भावंडे. येथे गड्यास रेटावे लागत नाही हे खरे. पण रूळ बोटांनाही पेंढीप्रमाणेच ओढतात आणि सोडत नाहीत. रूळ थांबविणारा किंवा उलट फिरविणारा दांडा असेल, तर तो घास देणाऱ्याच्या हाताशी असावा. यंत्राच्या पलीकडे नसावा.

कोकणातील भातशेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याला गुरांसाठी अखंड पेंढा हवा असतो. सगळे काड ढोलात गेले तर त्याचा चुरा होतो. जपानमध्ये यासाठी भरणी-साखळी निघाली. पेंढी बुंध्याकडून साखळीत धरली जाते, साखळी तिला ढोलाच्या कडेने पुढे नेते आणि फक्त लोंब्या ढोलात शिरतात. दाणा निघतो, पेंढा दुसऱ्या टोकाला सरळ बाहेर पडतो. पायाने चालविण्याच्या भात-मळणी यंत्रावर शेतकरी पेंढी मुठीत धरून जे करतो, तेच येथे साखळी करते, आणि मूठ ढोलापासून दूर राहते.

ज्वारीचे बोलावयाचे तर कणसे खुडून टोपलीने घातली जातात. तेथे पेंढीचा प्रश्न नाही. पण टोपली पन्हळीत उपडी करून हाताने आत ओढण्याची खोड तेथेही आहे, आणि ढोल तोच आहे.

ट्रॅक्टरवर चालणारे मोठे यंत्र घेऊन हंगामभर गावोगाव फिरणाऱ्यास सरकत्या पट्ट्याचा खर्च परवडू शकतो. एका कुटुंबाच्या लहान यंत्रास मात्र योग्य मापाची पन्हळ पुरेशी आहे, असे आमचे मत आहे. पट्टा घेताना तो ढोलाचा वेग घटल्यावर खरोखर थांबतो का, हे चालवून पाहावे. नुसता ढोलाच्याच पट्ट्यावरून फिरणारा पुरवठा ढोलाबरोबर मंद होतो, पण थांबत नाही आणि घास कोंबीतच राहतो. साखळी व पुली यांवर जाळी असावी. पट्टा थांबविण्याचा दांडा पेंढ्या टाकणाऱ्या माणसाच्या हातास यावा, नाहीतर संकटाच्या वेळी तो नुसता शोभेचा राहतो.

बंधाविषयी एक सूचना राहिली. पूर्वी अमेरिकेत काही काळ तारेने पेंढ्या बांधीत. तारेचे तुकडे काडात मिसळून गुरांच्या पोटात जात. आपल्याकडे आता तोच प्रकार प्लास्टिकच्या दोऱ्यांनी होऊ लागला आहे. अशी दोरी ढोलाच्या दांड्याला गुंडाळून बेअरिंग तापविते, आणि तिचे तुकडे भुशातून गव्हाणीत पोहोचतात. पेंढी काडाच्याच वेठाने किंवा सुंभाने बांधावी. दोरी वापरलीच असेल, तर बंध सोडणाऱ्याजवळ एक रिकामी पाटी ठेवावी, तीत प्रत्येक बंध टाकावा आणि संध्याकाळी बंध व पेंढ्या यांची मोजदाद जुळते का ते पाहावे.