जॉब वर्कला गेलेला माल: अकाउंटंटने दर शनिवारी करायचं एक काम



छोट्या मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत तुम्ही फुल टाइम अकाउंटंट आहात. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला ३बी. महिना यातच संपतो. बिलं टॅलीत गेली की हिशोब पूर्ण झाला, असं वाटतं. पण कारखान्यात एक गोष्ट बिलात दिसतच नाही: जॉब वर्कला बाहेर गेलेला माल.

उदाहरण बघा. तुम्ही प्लेटिंगला १,००० नग पाठवले. ९४० चांगले आले, २५ रिजेक्ट आले. राहिले ३५. एका नगाची किंमत ८० रुपये धरली, तर २,८०० रुपयांचा माल अजून बाहेर आहे. प्लेटिंगवाल्याचं बिल मात्र फक्त मजुरीचं येतं. ते तुम्ही टाकलंत, पेमेंट झालं, खातं जुळलं. ३५ नग कुठेच दिसले नाहीत! अशी दहा चलनं झाली की २८,००० रुपये.

याचा फटका कुठे बसतो?

माल दुसऱ्याच्या शेडमध्ये असला तरी स्टॉक तुमचाच आहे. तो धरला नाही तर नफा चुकतो. कॅश क्रेडिट असेल, तर बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंटही चुकतं.

दुसरं, जीएसटी. जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल किंवा अर्धवट तयार माल एक वर्षात परत यायला हवा, किंवा तिथूनच विकला जायला हवा. नाही तर पाठवला त्याच दिवशी तुम्ही तो विकला, असं धरलं जातं. म्हणजे टॅक्स, आणि वर व्याज. ते तुमच्या मालकाच्या खिशातून जातं.

दर शनिवारी अर्धा तास:

१. प्रत्येक चलनापुढे लिहा: तारीख, पार्टी, गेलेले नग, चांगले आले, रिजेक्ट आले, बाकी.
२. हे आकडे गेट रजिस्टर आणि स्टोअरच्या नोंदीशी ताडून बघा.
३. नऊ महिने उलटलेली चलनं लाल करा. हातात तीन महिने असतानाच पाठपुरावा सुरू करा.
४. बाकी नगांची यादी पार्टीला व्हॉट्सअॅप करा आणि लेखी होकार घ्या.
५. मजुरीचं बिल पास करण्याआधी बाकी बघा. आले ९६५ आणि बिल १,००० चं, असं असेल तर आधी फोन करा. रिजेक्टची मजुरी द्यायची की नाही, हेही मालकांना विचारून ठरवा.

हेच रजिस्टर आयटीसी-०४ भरताना कामाला येतं. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर ते वर्षातून एकदा, त्यावर असेल तर सहामाही भरायचं असतं.

मित्रांनो, बिल टाकणारे खूप मिळतात. माल कुठे अडकलाय हे सांगणारा अकाउंटंट मालकाला सोडवत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडचं सगळ्यात जुनं उघडं चलन शोधा. ते किती महिन्यांचं आहे, कमेंटमध्ये नक्की लिहा!