नारायण : हाक कुणाला, ओ कुणाची?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ६, अध्याय १ व २

माझं नाव नारायण. हॉस्टेलवर त्याचं 'नाऱ्या' झालं आणि पहिल्या नोकरीत मीच ते 'नील' करून टाकलं. जुनाट वाटायचं.

आधी शब्द पाहू. नार + अयन. अयन म्हणजे जाणं, वाट, किंवा जिथे पोचायचं ते ठिकाण. उत्तरायणातलं अयन तेच. 'नार'चे मात्र दोन अर्थ सांगतात. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात नार म्हणजे पाणी. आरंभी पाणी हाच ज्याचा निवास, तो नारायण. दुसरा अर्थ 'नर'वरून : समस्त नरांचा समूह म्हणजे नार, त्या सगळ्यांचा आसरा तो नारायण. विष्णुसहस्रनामात 'नारायण'च्या लगेच पुढे 'नर' हे नाव येतं. आणि समर्थ रामदासांचं मूळ नावही नारायणच बरं का!

आता अजामिळाची कथा. दहा मुलं, धाकट्याचं नाव नारायण. मरताना यमदूत दिसले, तेव्हा घाबरून त्याने लांब खेळणाऱ्या लेकाला हाक मारली. धावून आले विष्णुदूत. मला ही पळवाट वाटायची : मुलाला देवाचं नाव द्या, मग काहीही करा! पण दुसरा अध्याय वाचा. सुटल्यावर अजामिळाला पश्चात्ताप होतो, तो सगळं सोडून गंगाद्वारी जाऊन साधना करतो. म्हणजे नामाने त्याला सुधारायला वेळ दिला.

माझी आजी गेल्या वर्षापासून कुणालाच ओळखत नाही. पण दिवेलागणीला 'नारायणा' अशी हाक मारते. मला की देवाला, कळत नाही. पूर्वी तिचा फोन आला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून मी कट करायचो. परवा जवळ बसून म्हटलं, "ओ आजी." तिने अनोळखी नजरेनं पाहिलं आणि मला हात जोडले.

तो नमस्कार माझा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण हाकेला ओ देणं माझंच काम होतं, आणि ते मी कितीतरी वर्षं टाळलं. नरांचा आसरा असं नाव लावायचं आणि घरच्या एका म्हातारीला आसरा द्यायचा नाही, हे कसं चालेल?

ऑफिसच्या प्रोफाइलवर आता पुन्हा 'नारायण' लिहिलंय.

आजचा अभ्यास : तुमचं नाव कुणी ठेवलं आणि का, हे घरी विचारा. ते माणूस हयात असेल तर आजच फोन करा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥