देह आणि भूदृश्य : वाराणसीच्या तीरावर

वाराणसीजवळ गंगा आपली दिशा बदलते. पूर्वेकडे वाहत जाणारी ही नदी येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणाच्या पश्चिम तीरावर ऐंशीहून अधिक घाट चंद्रकोरीच्या आकारात एकमेकांना लागून उभे आहेत. समोरचा पूर्व तीर मात्र जवळजवळ मोकळाच आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि हिवाळ्यात तेथे वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. त्यामुळे सूर्योदयाचा पहिला प्रकाश कोणत्याही अडथळ्यावाचून पाण्यावरून थेट पायऱ्यांवर येतो. अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, नागपूरकर भोसल्यांचा घाट, आपल्याच भाराने नदीकडे खचलेला शिंद्यांचा घाट, यांमुळे मराठी वाचकाला हा तीर परका नाही. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो दगडी वास्तूंचा नव्हे, तर त्यांच्यासमोर रोज सकाळी उघड्यावर वावरणाऱ्या मानवी देहाचा आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या कलावंताचा.

या तीरावर देह झाकलेला नसतो. स्नान करणाऱ्यांच्या ओल्या पाठी, साधूंची भस्मचर्चित शरीरे, आखाड्यातील मातीने माखलेले मल्ल आणि मणिकर्णिकेवर चितेच्या प्रतीक्षेत असलेली प्रेते, ही सर्व एका दृष्टिक्षेपात सामावतात. भस्माने त्वचेचा रंग नाहीसा होतो आणि तिच्यावर भेगाळलेल्या जमिनीसारखा पोत उमटतो. देह मुळात मातीचाच, हे येथे कोणी मुद्दाम सांगावे लागत नाही. असे असूनही, या नगरीची जी चित्रे आणि छायाचित्रे प्रथम प्रसिद्ध झाली, त्यांत देहाला अगदी गौण स्थान होते. येथील टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप याने १८३० नंतरच्या काही वर्षांत बनारसची शिळाछापाची चित्रे प्रसिद्ध केली, तर १८६० नंतरच्या दशकात सॅम्युएल बोर्न याने घाटांची छायाचित्रे घेतली. या दोघांच्याही चित्रांत माणसे आहेत, पण ती प्रामुख्याने घाट किती उंच आहे हे कळावे म्हणून आहेत. माणूस तेथे मोजपट्टीचे काम करतो.

देहाचेच भूदृश्य करावयाचे तर हा व्यवहार उलटा करावा लागतो. छायाचित्रातील मोजपट्टी काढून टाकावी लागते. एखाद्या टेकडीच्या छायाचित्रात झाड, घर किंवा माणूस नसेल, तर ती टेकडी पन्नास फूट उंच आहे की पाचशे, हे डोळ्याला सांगता येत नाही. हीच गोष्ट पाठीची, खांद्याची किंवा गुडघ्याची. चौकटीतून हात, पाय आणि मुख्य म्हणजे चेहरा वगळला, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला आणि रंग काढून घेतला, की त्वचेवरचा उंचसखलपणा दऱ्याडोंगरांसारखा दिसू लागतो. यांपैकी प्रकाश आणि रंग या तंत्राच्या बाबी आहेत. त्या शिकता येतात. चेहरा वगळणे ही मात्र केवळ तंत्राची बाब नाही. चेहऱ्याबरोबर त्या व्यक्तीचे नाव, वय, मनःस्थिती आणि आपल्याकडे पाहणारी तिची नजर, हे सर्व जाते. पुढे ज्या कलावंतांचा उल्लेख येईल, त्या प्रत्येकाला या टप्प्यावर थांबून निर्णय घ्यावा लागला.

पाश्चात्त्य छायाचित्रणात हा मार्ग दोन निरनिराळ्या दिशांनी आखला गेला. अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन याने १९३० साली एका ढोबळ्या मिरचीचे छायाचित्र घेतले. मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, त्यामुळे प्रकाश चहूकडून परावर्तित होऊन तिच्यावर येत होता. ती मिरची पाहणाऱ्याला वाकलेल्या मल्लाची पाठ आठवते. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओशिआनो येथील वाळूच्या टेकड्यांवर त्याने आपली सहचरी कॅरिस विल्सन हिची नग्नचित्रे घेतली. तेथे वाळू आणि देह शेजारी शेजारी आहेत, दोहोंवर एकच ऊन आहे, आणि तरीही देह देहच राहतो. वेस्टनला साम्य दाखवावयाचे होते. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावयाचे नव्हते.

ते रूपांतर केले इंग्लंडमधील बिल ब्रँट याने. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा त्याने लंडनमध्ये एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा विकत घेतला. अशा प्रकारचे कॅमेरे पोलीस गुन्ह्याच्या जागेची नोंद करण्यासाठी वापरीत. त्याचे भिंग अतिशय विस्तृत कोनाचे आणि छिद्र अगदी बारीक असल्यामुळे जवळची व दूरची वस्तू सारखीच स्पष्ट येई. पण भिंगाजवळचा अवयव प्रचंड मोठा आणि मागचा अवयव अगदी लहान दिसे. काचेवरची प्रतिमा इतकी अंधुक असे की चित्र घेणाऱ्याला आपण काय टिपत आहोत याचा पुरता अंदाज येत नसे. ब्रँटने या दोषाचाच गुण केला. आपली नजर बाजूला ठेवून भिंगाला काय दिसते ते पाहण्याची सवय त्याने स्वतःला लावली. पुढे इंग्लंड आणि फ्रान्सच्या गोट्यांनी भरलेल्या किनाऱ्यांवर घेतलेल्या त्याच्या चित्रांत कोपर म्हणजे कडा आणि कान म्हणजे समुद्राने झिजवलेला खडक होतो. ही चित्रे १९६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती पाहताना थक्क व्हायला होते, हे खरे. परंतु त्या किनाऱ्यावर थंडीत आडव्या झालेल्या स्त्रीविषयी ती काहीच सांगत नाहीत, हेही तितकेच खरे.

ब्रँटचे पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच वाराणसीत एका भारतीय चित्रकाराला याच प्रश्नाने गाठले. त्याने काढलेला निष्कर्ष मात्र नेमका विरुद्ध होता.

रामकुमार (१९२४–२०१८) यांचा जन्म सिमल्याचा. दिल्लीत अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली, ती सोडली, आणि १९४९ च्या सुमारास ते पॅरिसला जाऊन आंद्रे लोत व फेर्नां लेजे यांच्याकडे चित्रकला शिकले. ते हिंदीतील कथाकारही होते. कादंबरीकार निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू. १९५० नंतरच्या दशकातील त्यांची चित्रे माणसांनी व्यापलेली आहेत. बेकार पदवीधर, कारकून, शहराच्या कडेला उभी असलेली कुटुंबे. सर्वांचे चेहरे लांबट, डोळे मोठे आणि काहीसे हरवलेले. मागे घरांची गर्दी आणि पुढे माणूस, अशी ती रचना असे. कथाकाराची दृष्टी या चित्रांत उघडपणे जाणवते.

१९६० मध्ये रामकुमार आणि मकबूल फिदा हुसेन हे दोघे मित्र वाराणसीला गेले. चित्रे आणि रेखाटने करण्यासाठीच ही यात्रा होती. दुःखी माणसांचा चित्रकार म्हणून ज्याची ओळख होती, त्याला येथे विषयांची वाण पडण्याचे कारण नव्हते. मृत्यूची वाट पाहत येऊन राहिलेल्या वृद्ध विधवा, रोगी, भिकारी, रडणारे आप्त, सर्व काही पायऱ्यांवर मांडलेलेच होते. आणि नेमके येथेच रामकुमारांच्या चित्रांतून माणूस नाहीसा झाला. राहिली ती घरे, पायऱ्या, बंद खिडक्या, पाण्याचा गढूळ पट्टा आणि वर करडे आकाश. शाई आणि मेण वापरून कागदावर केलेल्या त्या काळातील कामांत तर रंग जवळपास नाहीच. पुढे घरांचेही आकार विरघळत गेले आणि १९७० नंतरच्या चित्रांत केवळ जमिनीचे, खडकाचे, पाण्याचे पट्टे उरले. हुसेन याच यात्रेत बरोबर होते, परंतु त्यांच्या कलेतून मानवाकृती कधीच गेली नाही. तेव्हा हा परिणाम केवळ स्थळाचा होता असे म्हणता येत नाही.

रामकुमारांनी माणसाकडे पाठ फिरवली, असा आक्षेप घेतला गेला तर तो वरवर रास्त वाटेल. पण त्यांची वाराणसीची चित्रे सावकाश पाहिली म्हणजे वेगळेच काही लक्षात येते. घरे एकमेकांना बिलगून, खांदे पाडून बसल्यासारखी आहेत. खिडक्यांची काळी भोके ही पूर्वीच्या चित्रांतील माणसांच्या डोळ्यांच्या जागी आहेत. जे आधी चेहऱ्यावर रेखले होते, ते आता शहराच्या अंगावर आले आहे. ब्रँटने देहाचे भूदृश्य केले. रामकुमारांनी भूदृश्याचा देह केला. घाटावरील दुःखी माणसाचा चेहरा चितारून त्याचे प्रदर्शन मांडणे त्यांना शक्य झाले नाही, एवढा अर्थ या बदलातून निश्चित काढता येतो.

हाच शोध कॅमेऱ्यापर्यंत नेणारा कलावंत मुंबईत होता. अकबर पदमसी (१९२८–२०२०) हे रामकुमारांच्याच पिढीतले आणि त्याच मित्रमंडळातले. पॅरिसचा अनुभवही दोघांना समान. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ मध्ये सुरू केला होता, आणि पदमसी त्याच संस्थेत घडले. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनातील ‘लव्हर्स’ या विषयावरील चित्रांना पोलिसांनी हरकत घेतली. चित्रे उतरविण्यास पदमसींनी नकार दिला. अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यात ते निर्दोष ठरले. उघड्या देहाकडे पाहणे हा गुन्हा आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकातून आलेला नव्हता. आरोपीच्या पिंजऱ्यातून आला होता.

१९६० च्या सुमारास, म्हणजे रामकुमार वाराणसीत होते त्याच काळात, पदमसींनीही सर्व रंग बाजूला ठेवून केवळ करड्या छटांत काम केले. त्यांचे सुमारे बारा फूट रुंदीचे ‘ग्रीक लँडस्केप’ याच वेळचे. रंग वगळल्यावर हाती केवळ उजेड आणि काळोख यांच्या पायऱ्या राहतात, आणि कृष्णधवल छायाचित्राची सामग्रीही तीच असते. १९६९ मध्ये मिळालेल्या नेहरू फेलोशिपमधून त्यांनी मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांच्यासाठी एक कार्यशाळा चालविली आणि स्वतः चित्रपटही केले. त्यानंतर आली ती ‘मेटास्केप’ या नावाने ओळखली जाणारी चित्रमालिका. तिच्यात डोंगर, पाणी आणि आकाश आहेत, पण ते कोणत्याही ठरावीक ठिकाणचे नाहीत. बहुतेक चित्रांत सूर्य आणि चंद्र दोन्ही एकाच वेळी दिसतात. कालिदासाच्या शाकुंतलातील नांदीत शिवाच्या अष्टमूर्तींमध्ये सूर्य आणि चंद्र हे काळाचे नियामक म्हणून येतात. ही कल्पना पदमसींनी तेथून घेतली होती. देह आणि सृष्टी ही एकाच मूर्तीची दोन रूपे आहेत, या विचाराला त्यांच्यापाशी असा संस्कृत आधार होता. वेस्टन किंवा ब्रँट यांच्यापाशी तो नव्हता.

उतारवयात, या शतकाच्या पहिल्या दशकात, पदमसींनी नग्न देहाची कृष्णधवल छायाचित्रे प्रदर्शित केली. पन्नास वर्षे मस्तके, नग्नाकृती आणि भूदृश्ये असे तीनच विषय पुन्हा पुन्हा हाताळल्यानंतर हे पाऊल आले. त्यामुळे ती छायाचित्रे एखाद्या चित्रकाराचा फावल्या वेळचा छंद वाटत नाहीत. प्रकाश देहाच्या एका कडेवरून घसरत जातो आणि उरलेला भाग काळोखात सोडून देतो. डोंगराची धार मेटास्केपमध्ये जशी येते, तशीच येथे कमरेची रेषा येते.

पदमसींची मॉडेल आपण काय करीत आहोत हे जाणून कॅमेऱ्यासमोर आलेली असते. वाराणसीच्या पायऱ्यांवर स्नान करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो सूर्याला अर्घ्य देत असतो. समोरच्या नावेतून आपली पाठ ‘आकार’ म्हणून टिपली जात आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते. रॉबर्ट गार्डनर याने १९८० नंतरच्या दशकात येथे चित्रित केलेला आणि १९८६ साली पूर्ण झालेला ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ हा चित्रपट याच कारणाने वादाचा विषय झाला. नव्वद मिनिटांच्या या चित्रपटात पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा काळ आहे. लाकडांचे ढीग, झेंडूच्या माळा, कुत्री, नावा, प्रेते, सर्व काही विलक्षण जवळून दिसते. निवेदन मात्र नाही आणि लोकांच्या बोलण्याचे भाषांतरही नाही. अनेकांना तो श्रेष्ठ वाटला. काही मानववंशशास्त्रज्ञांनी मात्र विचारले की, बोलणाऱ्या माणसाचे बोलणे कळू न देता त्याला केवळ दृश्याचा भाग करणे कितपत योग्य आहे? आक्षेपात तथ्य आहे. गार्डनरचे चित्रण सुंदर आहे म्हणून तो आक्षेप लहान ठरत नाही. उलट सौंदर्यामुळेच तो अधिक टोचतो.

याउलट रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांच्या १९८७ च्या बनारसवरील पुस्तकात रंग आहेत, गर्दी आहे, आणि माणसांना चेहरे आहेत. देहाचे भूदृश्य करण्याचा मोह या छायाचित्रकाराला फारसा झालेला दिसत नाही. ओल्या वस्त्राचा लाल रंग किंवा कपाळावरचा गंधाचा टिळा वगळून हे शहर दाखविता येईल असे त्यांना वाटत नव्हते.

मणिकर्णिकेसमोरून जाताना आजही हा प्रश्न प्रत्येक कॅमेरेवाल्यापुढे येतो. चितांची छायाचित्रे घेण्यास तेथील डोम आणि मृताचे आप्त हरकत घेतात. पहाटेच्या धुक्यात दुरून पाहिले तर धूर, राख आणि ओल्या पायऱ्या करड्या रंगाच्या एकाच पट्ट्यात मिसळलेल्या दिसतात. रामकुमारांच्या कागदावर त्या दिसतात तशाच. नाव जवळ येऊ लागली की त्या पट्ट्यातून पांढरे धोतर नेसलेला, डोके भादरलेला एक माणूस वेगळा दिसू लागतो. तेवढ्यात नावाडी वल्हे थांबवितो आणि प्रवाशाला कॅमेरा खाली ठेवावयास सांगतो.