बोलणारा फोन आणि दृष्टिहीनांचे स्वावलंबन

आम्ही बँकेत काउंटरवर काम करतो. दृष्टिहीन खातेदार पैसे काढावयास येतात तेव्हा सोबत बहुधा मुलगा, पुतण्या किंवा शेजारी असतो. शिल्लक त्याला कळते, स्लिप तो भरतो, नोटाही तोच मोजतो. सोबतचा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आपला व्यवहार आपल्यापुरता ठेवण्याची मुभा त्या खातेदाराला राहत नाही. परावलंबन म्हणतात ते हेच. ते बरेचसे कमी करणारे साधन आज पुष्कळ घरांत आहे; पण त्याची माहिती मात्र घरात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

फोन कसा बोलतो?

स्मार्टफोनच्या सपाट काचेवर बोटाला लागेल अशी खूण नसते. मग न दिसणाऱ्याने तो वापरावा कसा? या प्रश्नाचे उत्तर २००९ साली मिळाले. त्या वर्षी आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही सोय आली. अशा सोयीस स्क्रीन रीडर म्हणतात. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ या सदरात ती सापडते. अँड्रॉइडवर मराठी आवाजही निवडता येतो.

ती सुरू केली की फोनची रीत बदलते. एक बोट काचेवर फिरवावे. बोटाखाली जे येईल त्याचे नाव फोन उच्चारतो. हवे ते नाव ऐकू आले की दोनदा झटपट टिचकी मारावी, म्हणजे ते उघडते. बोट उजवीकडे झटकले की पुढची गोष्ट वाचली जाते. टॉकबॅकमध्ये पान सरकवण्यासाठी दोन बोटे लागतात, व्हॉइसओव्हरमध्ये तीन. डोळस माणसाने असा फोन हाती घेतला तर तो बिघडला असेच त्याला वाटते, कारण एका टिचकीने काहीच उघडत नाही. घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे व घाईने ती सोय बंद करू नये.

ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी अक्षर मोठे करणे, पडद्याचा भाग वाढवून पाहणे, काळ्यावर पांढरी अक्षरे घेणे या सोयी त्याच सदरात आहेत.

पैशाचा व्यवहार

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे अॅप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची आहे हे ते बोलून सांगते. एकदा घेतल्यावर त्यास इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही.

फोनवरून पैसे पाठवताना घेणाऱ्याचे नाव व रक्कम ऐकून खात्री करता येते. अशा वेळी इअरफोन लावावा, म्हणजे शेजारच्याला काही ऐकू जात नाही. आवाज चालू ठेवून पडदा पूर्ण काळा करण्याचीही सोय आहे. आणखी एक सावधगिरी हवी. अनोळखी अॅपने ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितल्यास ती देऊ नये, तिच्या आधारे फसवणूक करणारे पडद्यावरील मजकूर वाचू शकतात.

अडते कुठे?

स्क्रीन रीडर लिहिलेला मजकूर वाचतो. अॅप तयार करणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल तर फोन नुसते ‘बटण’ म्हणून गप्प बसतो. मग ते पैसे पाठवण्याचे की रद्द करण्याचे, हे कळावे कसे? बँकेच्या ओळखपडताळणीत कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा असे सांगितले जाते. ज्याची बुबुळेच नाहीत त्याने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी याच प्रश्नावर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले. डोळे मिचकवण्यास दुसरा पर्याय द्यावा हाही त्यांत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अशा सेवा सर्वांना वापरता याव्यात असे म्हटलेलेच आहे. तेव्हा ही सोय मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

आपण काय करावे?

१. सभेची सूचना किंवा निमंत्रणपत्रिका नुसत्या चित्राच्या रूपाने पाठवू नये. तोच मजकूर खाली टाइप करून द्यावा.

२. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर तो निरर्थक अक्षरे म्हणून वाचतो.

३. फोटो पाठवताना त्यात काय आहे हे एका ओळीत लिहावे.

४. दृष्टिहीन व्यक्तीस फोन शिकवताना तो तिच्याच हाती द्यावा. आपण पटकन करून दिले तर काम होते, शिक्षण होत नाही.

५. तिचा पिन विचारू नये. तिने सांगू केला तरी ऐकू नये.

पहिले काही दिवस बोट चुकेल, फोन भराभर बोलेल, कंटाळा येईल. आठवडाभर रोज अर्धा तास सोबत बसणारे कुणी मिळाले तर पुष्कळांची भीती जाते. वाचकहो, आपल्या घरात, नात्यात, वस्तीत अशी एखादी व्यक्ती असेल, तर तो अर्धा तास आपण द्यावा, एवढीच आमची विनंती.