आधी वॉर्ड बघा

बारावीचा निकाल लागला की सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी एकच विषय असतो. इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, डॉक्टरकीला मार्क पुरत नाहीत, मग पोरीला नर्सिंगला घालू या. त्या दिवसांत मला रोज कुणा ना कुणाचा फोन येतो. "ताई, सरकारीला नंबर लागायची वाट बघायची, का प्रायव्हेटला आत्ताच नाव घालून टाकायचं?" मी इथल्या एका रुग्णालयात आयसीयूला काम करते. माझं बी.एस्सी. नर्सिंग खासगी महाविद्यालयातून झालं. तिथं जे वाट्याला आलं ते या आयांना आणि त्यांच्या पोरींना आधीच कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरी आई विड्या वळायची आणि वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. कॉलेजचा माणूस घरी आला तेव्हा त्याच्याजवळ गुळगुळीत माहितीपत्रक होतं. तीन मजली इमारत, पांढऱ्या गणवेशातल्या मुली, कॉम्प्युटर लॅब. "परीक्षेची, फेऱ्यांची कटकट नको. डायरेक्ट ॲडमिशन. स्कॉलरशिपचं आम्ही बघतो," असं तो म्हणाला. आईवडिलांना तो देवमाणूस वाटला. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून पहिला हप्ता भरला आणि माझ्या दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट त्याच दिवशी कॉलेजच्या कपाटात गेल्या.

स्कॉलरशिप मिळाली नाही. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला नव्हता, संस्थेने आपल्या पातळीवर दिलेला होता, आणि अशा प्रवेशाला ती लागू होत नाही हे आम्हाला अर्ज फेटाळल्यावर कळलं. दुसऱ्या वर्षी फीच्या जोडीला 'क्लिनिकल चार्जेस', बस, गणवेश, सहल अशी वेगवेगळ्या नावांची बिलं आली. सोडून जावं म्हटलं तर मार्कशीट त्यांच्या ताब्यात.

पैशाचं नुकसान मोठं होतं, पण भरून निघालं. शिक्षणाचं जे नुकसान झालं ते भरून काढायला फार वेळ लागला. नर्सिंग वर्गात शिकून येत नाही, ते खाटेशी उभं राहून येतं. कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय होतं, म्हणजे पाटीवर होतं. एरवी तिथं जेमतेम एक वॉर्ड चालू असायचा. तपासणी येणार असली की आजूबाजूच्या गावांतून माणसं आणून खाटांवर झोपवायचे आणि आमच्याकडून त्यांचे टीपीआर चार्ट भरून घ्यायचे. प्रसूतीच्या केसेसची वही आधीच्या बॅचच्या वह्यांवरून उतरवून घेतली जायची. ज्या बाईचं नाव मी त्या वहीत लिहिलं, तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. नर्सिंगच्या शिक्षणात याहून वाईट काही असू शकत नाही असं माझं ठाम मत आहे, कारण त्या वहीच्या भरवशावर उद्या एखादी खरी बाळंतीण आमच्या हाती सोपवली जाणार असते.

मग आम्ही शिकलो कुठं? सिव्हिललाच. सोलापूरकर ज्याला सिव्हिल म्हणतात ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. खासगी महाविद्यालयं आपल्या मुलींना प्रात्यक्षिकासाठी तिथंच पाठवतात. वडिलांनी कर्ज काढून भरलेल्या फीमधून आम्ही बसने सरकारी रुग्णालयात शिकायला जात होतो. एका खाटेभोवती दोन-तीन कॉलेजांच्या मुली गर्दी करायच्या. एक जण बीपी घ्यायची, बाकीच्या मान उंचावून बघायच्या. तिथल्या नर्सिंग स्कूलच्या मुली मात्र त्याच वॉर्डात रात्रपाळीलाही असायच्या. सलाईन लावणं, कॅथेटर, रायल्स ट्यूब, भाजलेल्याचं ड्रेसिंग, ही कामं त्यांच्या हाताखालून रोज जायची. लेबर रूमच्या सिस्टर त्यांना नावाने हाक मारायच्या.

शिवाय सिव्हिलला नुसत्या सोलापूरचे पेशंट येत नाहीत. धाराशिव आणि लातूरकडचे येतात, सीमेपलीकडून विजयपूर, कलबुर्गीचे येतात. पूर्व भागातल्या विडी कामगार बाया तेलुगूत दुखणं सांगतात, अक्कलकोटकडच्या म्हाताऱ्या कन्नडमध्ये. कुठं दुखतंय, कधीपासून, बाळ पोटात हलतंय का, एवढं तीन भाषांत विचारता येणारी मुलगी तिथून बाहेर पडते. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

मी पास झाले, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, नोकरीही लागली. पहिल्या आठवड्यात इन्चार्ज सिस्टरांनी एका आजोबांना इंट्राकॅथ लावायला सांगितलं आणि माझे हात थरथरले. त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं. तुला कुणी पेशंटच दिला नाही." त्यांनी आणि त्या वॉर्डाने मला नंतर घडवलं.

याचा अर्थ खासगी तेवढं वाईट असा कुणी घेऊ नये. आपल्या भागात नर्सिंग रुजवण्यात मिशनच्या रुग्णालयांचा वाटा मोठा आहे. मिरजेचं वानलेस रुग्णालय १८९४ पासूनचं. आजही एखाद्या मोठ्या धर्मादाय किंवा सहकारी रुग्णालयाला जोडलेलं, खाटा खरोखर भरलेल्या असणारं महाविद्यालय असेल तर तिथं डोळे झाकून जावं. आणि सरकारी ठिकाणी सगळं गोड असतं असंही मी सांगणार नाही. हॉस्टेलला गर्दी असते, शिकवणाऱ्यांची पदं रिकामी राहतात, स्टाफ कमी पडला की विद्यार्थिनींवरच काम येतं आणि वर्ग बुडतात. तरीही दोन्हीत निवडायची वेळ आली तर मी सरकारी निवडीन.

सरकारी बी.एस्सी.च्या जागा राज्यात थोड्या आहेत, मुंबईच्या जे. जे.सारख्या ठिकाणी, आणि तिथं चुरस मोठी. त्यामुळे सोलापूरच्या मुलीपुढे बऱ्याचदा खरा पेच असतो तो सरकारी जीएनएम, म्हणजे तीन वर्षांची नर्सिंगची पदविका, की खासगी बी.एस्सी. असा. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल तर मी जीएनएम सांगते. तीन वर्षांत मुलगी कमवायला लागते आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एक फरक मात्र लक्षात असू द्या. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बी.एस्सी.वाली थेट बसू शकते. जीएनएमवालीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी चार खाटांच्या दवाखान्यात धरू नका.

खासगीच घ्यायचं ठरलं तर रुग्णालय आधी बघा, इमारत नंतर. न कळवता जा, सकाळी, ओपीडीच्या वेळेला. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बी.एस्सी.च्या महाविद्यालयाचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं, त्यातल्या पाऊणशे खाटा तरी भरलेल्या असाव्यात आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत. वॉर्डातून एक चक्कर मारली तरी हे कळतं. लेबर रूममध्ये काल किती बाळंतपणं झाली ते आयाबाईला विचारा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मुलींशी बोलू नका, बाहेर चहाच्या टपरीवर बोला. रात्रपाळी मिळते का, केसेस स्वतः केल्या का, फी सांगितली तेवढीच घेतली का, हे त्या तिथंच खरं सांगतील.

फी तोंडी ऐकून घेऊ नका. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यापेक्षा जास्त मागितली तर लेखी मागा. मागणारा लेखी देत नाही, यातच उत्तर आलं. देणगी घेणं तर राज्यात १९८७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. महाविद्यालय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, हेही स्वतः तपासा. मान्यता नसेल तर पुढे नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून नर्स म्हणून नोकरी मिळत नाही.

प्रवेश कुठल्या दाराने होतो याला तर आता फारच महत्त्व आलं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन देतं. अट एकच महत्त्वाची, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतला तर हा लाभ जातो. म्हणजे 'डायरेक्ट ॲडमिशन' म्हणत घरी आलेला माणूस कटकट वाचवत नाही, चार वर्षांची फी तुमच्या डोक्यावर ठेवून जातो. सीईटीचा अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आत्तापासून काढून ठेवा. तहसील कचेरीतल्या जूनच्या रांगेपायी चांगल्या मार्कांच्या मुलींच्या जागा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मूळ कागदपत्रं पडताळणीपुरती दाखवा आणि परत घ्या. महाविद्यालयांनी ती अडकवून ठेवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलेलं आहे. आणि केंद्रीय फेऱ्यांपैकी शेवटची यादी लागेपर्यंत कुणाच्याही हातात ॲडव्हान्स म्हणून एक रुपयाही देऊ नका, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.