लाल डोळ्यामागचा विषाणू

जुलै 2023 मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली, तेव्हा रुग्णांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि एन्टरोव्हायरस सापडला. डोळे येणं हा डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाचा आजार; बहुतेकांचा आपोआप बरा होतो. मला आज लिहायचंय ते डोळ्याच्या आतल्या दाहाबद्दल, युव्हायटिसबद्दल. यात डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं. पण चिपडं सहसा येत नाहीत.

हा दाह संधिवाताच्या काही प्रकारांमुळे होतो, क्षयामुळे होतो, तसा विषाणूंमुळेही होतो. तापात ओठांवर फोड आणणारा हर्पीस, नागिणीचा विषाणू आणि सायटोमेगॅलो हे त्यातले नेहमीचे. तपासताना काही खुणा दिसतात: एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा त्रास, दाहासोबत डोळ्याचा वाढलेला दाब. तरी नुसत्या डोळ्यांनी पाहून नेमका विषाणू ओळखणं अनेकदा जमत नाही. आणि इथंच उपचार फिरतात. स्टिरॉइडच्या थेंबांनी दाह लगेच शमतो, पण विषाणूविरोधी औषध सोबत नसेल तर विषाणूला मोकळं रान मिळतं. हर्पीस आणि नागिणीला असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या लागतात, सायटोमेगॅलोला गॅन्सायक्लोव्हिर. म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका, मागच्या वेळची उरलेली बाटलीही वापरू नका.

शंका असेल तिथे पीसीआर कामी येते. कोविडमध्ये घशा-नाकातला स्वॅब दिलात, तीच पद्धत. विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा नेमका तुकडा दर फेरीत दुप्पट होतो; सगळं सुरळीत झालं तर 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. त्यामुळे डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं जेमतेम 0.1 मिलिलिटर पाणी पुरतं. डोळा थेंबांनी बधिर करून, सूक्ष्मदर्शकाखाली, अतिशय बारीक सुईने ते काढतात. काम काही क्षणांचं असतं. जंतुसंसर्गाचा धोका कमी, पण शून्य नाही. म्हणून प्रत्येक लाल डोळ्याला ही तपासणी करत नाहीत.

रक्तातल्या हर्पीस-अँटीबॉडीच्या रिपोर्टवर मात्र विसंबू नका. मोठेपणी बहुतेकांच्या रक्तात त्या सापडतातच, त्यावरून डोळ्यात काय चाललंय ते कळत नाही. डोळ्यातल्या पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी विषाणू नाहीच असं ठरत नाही. नमुना फार थोडा असतो आणि उशिरा घेतला तर विषाणू निघूनही गेलेला असतो. म्हणून आधीच्या आजारांची माहितीही महत्त्वाची ठरते. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्या वाढला होता. त्याचा दाह ताप उतरल्यावर काही आठवड्यांनीही डोळ्यात दिसू शकतो. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत आलेला ताप, सांधेदुखी, नागीण हे सगळं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

कपाळावर नागीण उठली आणि पुरळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तर डोळा लाल नसला तरी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दृष्टी एकाएकी धूसर झाली, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याच दिवशी जा. विषाणू पडद्यापर्यंत पोहोचला असेल तर आम्ही रिपोर्टची वाट पाहत नाही. नमुना घेतो आणि औषध लगेच सुरू करतो.