गरम ग्रिपचा स्विच चावीवर कसा आणावा?

प्रश्न : जानेवारीत पहाटे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना बोटं बधिर होतात, म्हणून मोटरसायकलला गरम ग्रिप बसवल्या. स्विच थेट बॅटरीवर आहे. बंद करायचा राहिला, की सकाळी सेल्फ लागत नाही. काय करावं? – एक वाचक, अकोला

उत्तर : ग्रिपची जोडी 36 वॉटची असेल, तर 12 व्होल्टवर ती 3 अँपिअर करंट ओढते. इंजिन बंद असताना छोटी बॅटरी हा भार रात्रभर सोसू शकत नाही. म्हणून मध्ये चार पिनांचा रिले टाका. बॅटरीच्या प्लसजवळच 5 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिले, पुढे ग्रिपचा स्विच. रिलेच्या कॉइलचं एक टोक चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या वायरला, दुसरं अर्थिंगला. चावी काढली, की ग्रिप बंद.

मग इंजिन थोडं रेस करून, हेडलाइट आणि ग्रिप चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. आकडा 13 व्होल्टच्या खाली येत असेल, तर ग्रिप कमी तापमानावरच वापरा.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. वायर ताणली जाता कामा नये आणि ॲक्सिलरेटर सोडताच झटकन मागे आला पाहिजे. तो अडकत असेल, तर दुरुस्त केल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.